डेस्कटॉपची रॅम ८ वरून १६ जीबी करू का? पुस्तकांचं काम अडकतंय, सल्ला हवाय

अक्षरजुळणी_पुणे३०

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच विचारतेय, काही माहिती द्यायची राहिली तर सांगा, लगेच टाकते.

मी नारायण पेठेत घरूनच डीटीपीचं काम करते. पुस्तकांची जुळणी, मांडणी, कव्हर, प्रुफं लावणं, सगळं. वडील छपाईचे खिळे जुळवायचे, त्यांच्याकडूनच हे काम शिकले, फरक एवढाच की त्यांचं केस, म्हणजे खिळ्यांची कप्प्यांची पेटी, कधी हँग झालं नाही. माझं मशिन २०१६ सालचं असेंबल केलेलं आहे, आय५ सहावी जनरेशन, एच११० मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १० चौसष्ट बिट, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. घेतलं तेव्हा पेजमेकर आणि कोरल एवढंच चालायचं, मराठी टाइप करायला सीडॅकचं आयएसएम टाकलेलं, आणि खरंच सांगते तेव्हा ते पळायचं. आता सगळं युनिकोडमध्ये आणि पानं मांडायच्या इनडिझाइनमध्ये, बाजूला फोटोशॉप, क्रोममध्ये प्रकाशकांचं व्हॉट्सॲप वेब, ड्राइव्ह, मेल, दोनतीन पीडीएफ असं कायम उघडं असतं.

सध्या ३२० पानांचं एक पुस्तक हातात आहे, त्यात नव्वदएक फोटो. इनडिझाइनमधून फोटोशॉपला गेले की स्क्रीन पांढरी होते, वर नॉट रिस्पॉन्डिंग लिहून येतं आणि तीसचाळीस सेकंद हात बांधून बसायचं. परत आले की परत तेच. सगळ्यात त्रास टाइप करताना होतो. मी प्रुफाकडे बघून ओळ मारते, मान वर केली की स्क्रीनवर अर्धीच ओळ असते आणि मग उरलेली अक्षरं एकेक करून येत राहतात, वेलांटी आधी दिसते न दिसते आणि मी चुकलं समजून परत दाबते, की मग दोनदा. दिवसाला तीनचारशे दुरुस्त्या असतात, त्यात हे असं झालं की चुका माझ्याच हातून नव्याने घुसतात आणि त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण पुस्तकावर लेखकाचं नाव असतं.

१ ते ४ जानेवारी २०२६ ला साताऱ्याला साहित्य संमेलन आहे, त्याआधी आपल्याकडे फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव. तीन प्रकाशकांना त्याच्या आत पुस्तकं हवी आहेत. एका दुकानात विचारलं तर ते म्हणाले हे मशिन आता टाकून द्या, ६० हजारात नवीन बांधून देतो. भाचा म्हणतो मावशी नवीन बिवीन काही नको, अजून ८ जीबी रॅम टाक, काम होईल. पण त्याने जुलैमध्ये जो भाव बघून ठेवला होता त्याच्या दुप्पट आता सांगतायत. एवढे पैसे टाकून जर पांढरी स्क्रीन तशीच राहिली तर? म्हणून विचारतेय, रॅम टाकू का, आणि टाकली तर फरक पडेल हे आधी कळायचा काही मार्ग आहे का?

---

स्क्रूड्रायव्हर_चिंचवड

ताई, शेवटी जे विचारलंत ना तेच बरोबर विचारलंत, कळायचा मार्ग आहे आणि फुकट आहे.

कंट्रोल शिफ्ट एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सवर जा. आता ते तसंच उघडं ठेवून नेहमीचं काम सुरू करा, ते ३२० पानी पुस्तक उघडा, फोटोशॉप उघडा, क्रोम नेहमीसारखं. आणि ज्या क्षणाला स्क्रीन पांढरी होईल तेव्हा तिथले आकडे कागदावर लिहून घ्या. मशिन मोकळं असताना बघून काही उपयोग नाही, अडकलेलं असतानाच बघायचं. ताप असताना ताप मोजतो तसं.

मेमरीवर क्लिक केलं की इन यूज दिसेल, ते ७.९ पैकी किती ते लिहा. त्याच्या खाली कमिटेड म्हणून दोन आकडे आहेत तिरकी रेघ मारून, ते लिहा. उजव्या बाजूला स्पीड आणि स्लॉट्स यूज्ड असतं, तेही. मग डिस्कवर क्लिक करून ॲक्टिव्ह टाइम किती टक्के आहे ते बघा.

एक सांगून ठेवतो कारण इथे बरेच जण फसतात. नुसती मेमरी ७० किंवा ८० टक्के भरलेली दिसली म्हणून घाबरायचं नाही. उरलेली रॅम विंडोज रिकामी ठेवत नाही, आधी वापरलेल्या फाइली त्यात धरून ठेवतं, पण त्या या टक्क्यांत मोजत नाही आणि गरज पडली की सोडतं. इन यूज जवळजवळ पूर्ण भरलंय आणि त्याच वेळी कमिटेड तुमच्या ८ च्या बरंच वर गेलंय, असं दोन्ही दिसलं तर रॅम खरंच कमी पडतेय. इन यूज ५ वर आहे, कमिटेड ७ वर आहे आणि तरी मशिन अडकतंय, तर कितीही रॅम टाका, पैसे वाया.

आकडे टाका, मग बोलू. घाईत काही घेऊ नका.

---

धायरीकर

मी स्वतः भोगलंय म्हणून लिहितो. आमच्या वडिलांच्या पीसीचं अगदी हेच, सुरू व्हायलाच चार मिनिटं. दुकानदार म्हणाला रॅम वाढवा, ४ ची १२ केली, घरी आणून लावली आणि सुरू केला तर परत चार मिनिटंच. मला काही कळेना, रॅम तर दिसतेय पूर्ण १२. मग ऑफिसातल्या एकाने सांगितलं की बाबा रे हार्ड डिस्क बदल. एसएसडी टाकली आणि त्याच मशिनवर पंचवीस सेकंदात डेस्कटॉप आला, वडील म्हणाले तू नवीन मशिन आणलंस का.

कारण साधं आहे. हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरते, ७२०० आरपीएमची असली तरी एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात आणि वर हेड इकडून तिकडे सरकायचा वेळ वेगळा. म्हणजे विखुरलेल्या बारीक बारीक फाइली वाचायच्या झाल्या तर सेकंदाला शंभरेक वाचन झालं तरी खूप. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, तिथे तशी वाचनं सेकंदाला हजारोंनी होतात. ताई तुमच्याकडे अजून हार्ड डिस्क आहे हे वाचलं आणि मला बाकी काही बघायचीच गरज वाटली नाही. रॅमचे पैसे वाचवा, एसएसडी घ्या.

---

फोटोवाला_कसबा

धायरीकर, तुमचं तुमच्या वडिलांच्या मशिनपुरतं बरोबर आहे पण ते बहुतेक मेल आणि यूट्यूब बघत असणार. ताईंचं काम वेगळं आहे. माझा लग्नाच्या अल्बमचा धंदा आहे, रोज फोटोशॉप चालतं, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

मी उलटं केलं होतं, ८ जीबी तशीच ठेवून फक्त एसएसडी घेतली. पहिले दोन दिवस मस्त. मशिन सुरू पटकन, फाइल पटकन. मग अल्बमचं काम आलं, तीसचाळीस फोटो उघडे, प्रत्येकाला पाचसहा लेअर, आणि परत अडकायला लागलं, पांढरी स्क्रीन तीस सेकंदांऐवजी पाच सेकंद एवढाच फरक. फोटोशॉपला रॅम पुरली नाही की ते डिस्कवर स्क्रॅच फाइल, म्हणजे तात्पुरती कामाची फाइल, करतं आणि ती वाढत वाढत जाते, एकदा तर एसएसडीवरची ५० जीबी जागा तिने खाल्ली आणि स्क्रॅच डिस्क फुल म्हणून कामच थांबलं, गिऱ्हाईक समोर बसलेलं. रॅम १६ केली तेव्हा थांबलं ते. ॲडोबीचंच बघा ना, इनडिझाइन आणि फोटोशॉप दोन्हीला ८ जीबी किमान आणि १६ असावी असं ते स्वतःच सांगतात, आणि ते एकेकट्या सॉफ्टवेअरबद्दल. ताई दोन्ही एकदम चालवतायत, वर क्रोम. वेगळं ग्राफिक कार्ड नाही म्हणजे स्क्रीनचं कामही याच ८ मधून जातं.

रॅम येईपर्यंत दोन गोष्टी करून बघा ताई. इनडिझाइनमध्ये व्ह्यू मेनूत डिस्प्ले परफॉर्मन्स आहे, तिथे हाय क्वालिटी असेल तर टिपिकल करा. फोटो स्क्रीनवर थोडे भुरकट दिसतील, छपाईला काही फरक पडत नाही, पीडीएफ पूर्ण दर्जाचीच निघते. प्रुफ लावताना तर फास्ट डिस्प्ले करा, फोटोच्या जागी करडा चौकोन दिसेल, दुरुस्त्यांना फोटो लागतात कुठे. आणि क्रोमच्या सेटिंगमध्ये परफॉर्मन्सखाली मेमरी सेव्हर आहे तो चालू करा.

---

अक्षरजुळणी_पुणे३०

सगळ्यांचे खूप आभार, इतक्या लवकर उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. सांगितलं तसं केलं, प्रुफाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे लिहिलेत.

पुस्तक, फोटोशॉप, क्रोम सगळं उघडं, स्क्रीन पांढरी झाली त्या वेळी: इन यूज ७.५, कमिटेड १४.१ आणि रेघेनंतर १७.४. डिस्क १०० टक्के, आणि ती शंभरवरून हललीच नाही, आलेख नुसता भिंतीसारखा सरळ. स्लॉट्स यूज्ड १ ऑफ २. स्पीड २१३३.

मग फोटोशॉप बंद केलं आणि क्रोमच्या सगळ्या टॅब बंद केल्या, फक्त इनडिझाइन. इन यूज ४.८, कमिटेड ६.९. पण डिस्क तरी साठसत्तरला, मधेच शंभर. टाइप करताना अक्षरं आधीपेक्षा बरी येतायत पण सेव्ह केलं की परत थांबतं.

फोटोवाला, फास्ट डिस्प्लेचं मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. करडे चौकोन करून बसले आणि दुपारपर्यंत ६० पानांचं प्रुफ लागलं. पण कव्हर आणि फोटोंची पानं करायची आहेतच, तिथे दोन्ही लागणारच.

म्हणजे आता धायरीकर म्हणतात तेही खरं आणि फोटोवाला म्हणतात तेही, असंच ना? दोन्ही एकदम घेणं जड आहे, आधी काय घेऊ?

---

स्क्रूड्रायव्हर_चिंचवड

ताई आकडे एकदम छान घेतलेत, यावरून स्पष्ट बोलता येतं.

कमिटेड १४.१ म्हणजे सगळ्या सॉफ्टवेअरनी मिळून १४ जीबी मागून ठेवलेत आणि तुमच्याकडे प्रत्यक्ष आहेत ७.९. ते सगळं एकाच क्षणी वापरात नसतं, पण तुम्ही इनडिझाइनवरून फोटोशॉपला जाता तेव्हा विंडोजला फोटोशॉपचा भाग डिस्कवरून परत रॅममध्ये आणावा लागतो आणि त्याला जागा करायला इनडिझाइनचा भाग डिस्कवर टाकावा लागतो. म्हणून डिस्क शंभरला. तुमची पांढरी स्क्रीन म्हणजे ही ने आण आहे. ती रॅम वाढवली की जवळपास जाईल, १६ मध्ये १४ मावतात.

पण दुसरा आकडा मला जास्त खटकला. फक्त इनडिझाइन उघडं, रॅम ३ जीबी मोकळी, तरी डिस्क साठसत्तर? ही ने आण नाही. एवढ्या वेळी डिस्क निवांत असायला हवी. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं एक छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते टाकून वर डाव्या कोपऱ्यात हेल्थ स्टेटस काय म्हणतंय ते आजच बघा. निळं आणि गुड असेल तर ठीक. पिवळं असेल तर लगेच इथे लिहा.

---

अक्षरजुळणी_पुणे३०

पिवळं आहे. कॉशन लिहिलंय. खाली रीॲलोकेटेड सेक्टर्स काउंट आणि करंट पेंडिंग सेक्टर या दोन ओळींपुढे पिवळे ठिपके आहेत. आता काय?

---

स्क्रूड्रायव्हर_चिंचवड

आता रॅमचा विषय बाजूला ठेवा. उठा आणि आधी सगळं काम दुसरीकडे कॉपी करा, आत्ता, उद्या नाही. एक्स्टर्नल असेल तर त्यावर, नसेल तर पेनड्राइव्ह आणि ड्राइव्ह दोन्हीकडे. पहिलं हातातलं पुस्तक, त्याचे फोटो, फॉन्ट. इनडिझाइनमध्ये फाइल मेनूत पॅकेज करा म्हणजे फोटो आणि दस्तऐवजातले फॉन्ट एका फोल्डरमध्ये येतील. एक खास सांगतो, देवनागरी फॉन्ट कधीकधी पॅकेजमध्ये येत नाहीत, ते फोल्डरमध्ये आलेत का ते डोळ्यांनी बघा, नसतील तर हाताने कॉपी करा. मग जुनी पुस्तकं. फॉन्टचं लायसन्स मशिनशी बांधलेलं असेल तर त्याची कागदपत्रं आणि सीडी शोधून ठेवा.

पिवळं म्हणजे डिस्कवरचे काही भाग खराब झालेत आणि ती त्याऐवजी राखीव जागा वापरतेय, आणि पेंडिंग म्हणजे काही भाग तिला नीट वाचताच येत नाहीयेत, परत परत प्रयत्न करतेय. मशिन अडकण्याचं एक मोठं कारण हे. अशी डिस्क दोन वर्षं चालेल किंवा परवा बंद पडेल, माझ्याकडे दोन्ही प्रकारची गिऱ्हाइकं येतात आणि दुसऱ्या प्रकारच्या माणसाला समोर बसवून त्याच्या मुलीचे फोटो गेले असं सांगणं हे या धंद्यातलं सगळ्यात वाईट काम आहे.

त्यामुळे क्रम ठरला. आधी कॉपी. मग एसएसडी, ५०० जीबीची २.५ इंची साटा घ्या, तुमच्या बोर्डाला तीच बिनत्रास लागेल. खराब डिस्कवरून जशीच्या तशी क्लोन करू नका, कोरं विंडोज टाका, त्याच बोर्डावर आधी ॲक्टिव्हेट झालेलं असेल तर इंटरनेट लावल्यावर आपोआप परत होतं. दोनतीन दिवस काम करा. कमिटेड चौदाच्या आसपास राहिलंच, आणि तुमचं काम बघता राहणारच, तर मग ८ जीबी रॅमची एक काडी.

काडी घेताना एकच जपा. सहाव्या जनरेशनच्या बोर्डांत बहुतेक डीडीआर४ पिढीची रॅम असते पण काही एच११० बोर्ड डीडीआर३ वाले पण आले होते. तुमचा २१३३ स्पीड बघून डीडीआर४ वाटतेय तरी सीपीयू-झेड नावाचं सॉफ्टवेअर टाकून त्याच्या मेमरी टॅबमध्ये खात्री करा, कारण डीडीआर३ ला २४० पिना आणि डीडीआर४ ला २८८, खाच पण वेगळ्या जागी, एकमेकांच्या स्लॉटमध्ये बसतच नाहीत. दुकानात ३२०० ची मिळेल, चालेल, ती तुमच्या बोर्डावर २१३३ नेच चालेल, त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. ८ ला जोडी ८ चीच घ्या म्हणजे दोन्ही चॅनल मिळतात, मशिन दोन्ही काड्या एकदम वापरतं, ग्राफिक कार्ड नसलेल्या मशिनला त्याचा वेगळा फायदा होतो.

---

धायरीकर

कॉशन वाचून पोटात गोळा आला. ताई कॉपी झाली का तेवढं कळवा. एक्स्टर्नल नसेल तर माझ्याकडे एक मोकळी आहे, शनिवारी तपकीर गल्लीत येणारच आहे, नारायण पेठ जवळच.

---

कर्वेनगर_६२

उशिरा आलो. मी आयटीतून निवृत्त, १९९५ पासून मशिनं बांधतोय. विंडोज ९५ ला ४ एमबी किमान आणि ८ एमबी असावी असं डब्यावर असायचं, तेव्हाही किमान आणि असावी यात नेमका दुपटीचा फरक आणि तेव्हाही किमानवर कुणाचं काम झालेलं मी बघितलं नाही. त्यामुळे १६ बद्दल मला शंका नाही. पण थोडं पुढचं बोलतो, कारण पैसे टाकताना ते बघायला हवं.

भाव दुप्पट का हे आधी. दुकानदार लुटतोय असं समजू नका. जगात रॅमच्या चिप मुख्यतः तीन कंपन्या बनवतात, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. सध्या एआयच्या डेटा सेंटरना लागणारी मेमरी बनवण्यात त्यांना जास्त पैसे मिळतात, कारखाने तेवढेच, मग घरगुती रॅमला चिप कमी. डीडीआर४ तर जुनी पिढी, ती ते हळूहळू बंदच करतायत. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने जाहीर केलं की क्रुशियल नावाने आपण सगळे जी रॅम आणि एसएसडी घेत होतो तो धंदाच ते बंद करतायत. त्यामुळे थांबलो तर स्वस्त होईल या आशेवर ताईंनी थांबू नये असं मला वाटतं, काम आत्ता आहे.

आता मशिनचं वय. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या जनरेशनपासून पुढे अधिकृतपणे चालतं, तुमचं सहावं. विंडोज १० ला वर्षभर जादा सुरक्षा अपडेट मिळतात, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, त्याची नोंदणी सेटिंगमध्ये अपडेटच्या पानावरून करून घ्या. म्हणजे या मशिनवर तुम्हाला तोपर्यंत बिनधास्त काम करता येईल. म्हणून १६ पर्यंत खर्च पटतो. बोर्ड ३२ घेतो म्हणून कुणी १६ १६ च्या दोन काड्या घ्या म्हणालं तर अजिबात ऐकू नका. एसएसडी नवीन मशिनमध्ये जशीच्या तशी जाईल, ते पैसे कुठेच जात नाहीत. रॅमचं तसं नाही, नवीन बहुतेक बोर्डं डीडीआर५ ची आहेत, डीडीआर४ वाली अजून मिळतात पण कमी होत जाणार.

याच कारणाने माझा सल्ला, काडी सेकंडहँड बघा. आयटी कंपन्या जुनी डेस्कटॉप काढतात तेव्हा त्यातल्या ८ जीबीच्या डीडीआर४ काड्या बाजारात येतात. हार्ड डिस्कसारखी रॅम फिरून झिजत नाही, चांगली निघाली तर वर्षानुवर्षं चालते. फक्त लांब काडीच घ्या, लॅपटॉपची छोटी नको, ती छोट्या चौकोनी डेस्कटॉपमध्येही असते म्हणून बघून घ्या. बदलून देण्याची लेखी मुदत घ्या, आणि घरी आणल्यावर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. एक जरी लाल एरर आली तर परत करा. खराब रॅम नुसतं मशिन अडकवत नाही, ती गुपचूप फाइलही बिघडवू शकते, आणि तुमच्या कामात एका पानावरचं अक्षर बदलणं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको.

---

फोटोवाला_कसबा

काकांचं सेकंडहँडचं पटलं. त्यात एक भर, ताई एसएसडी टाकल्यावर फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये स्क्रॅच डिस्क एसएसडीवर आहे ना बघा आणि परफॉर्मन्समध्ये मेमरी ७० टक्के असते ती ५० ५५ वर आणा, नाहीतर नवीन रॅम आली तरी फोटोशॉपच सगळी ओढून घेईल आणि इनडिझाइन उपाशी.

---

अक्षरजुळणी_पुणे३०

दहा दिवसांनी लिहितेय, उशीर झाला त्याबद्दल माफ करा, पण काम झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

कॉपी त्याच रात्री केली. पहाटे चारपर्यंत चालली, २०१९ च्या एका फोल्डरवर येऊन अडकली आणि त्यातल्या अकरा फाइली वाचल्याच गेल्या नाहीत. बाकी सगळं आलं. त्या अकरांपैकी नऊ प्रकाशकांकडे होत्या, त्यांनी पाठवल्या. दोन गेल्या, एक कवितासंग्रह होता, छापलेली प्रत घरात आहे, वेळ मिळेल तेव्हा परत जुळवीन. धायरीकर, तुम्ही डिस्क द्यायला स्वतःहून विचारलंत हे मी विसरणार नाही, भाच्याकडे निघाली म्हणून तुम्हाला त्रास दिला नाही.

एसएसडी लावली, विंडोज कोरं टाकलं, ॲक्टिव्हेट आपोआप झालं. टाइप करताना अक्षरं येतात, बोटाबरोबर येतात. मी पहिली ओळ मारून थांबलेच, नुसती बघत बसले. पण फोटोशॉपवर गेलं की पाचसहा सेकंद थांबायचंच, फोटोवाला म्हणाले तसंच. कमिटेड परत चौदाला. मग काडी आणली, सेकंडहँड, डीडीआर४, आठ दिवसांत बदलून देण्याचं बिलावर लिहून घेतलं.

लावली मी स्वतः, भाचा फोनवर. वायर काढली, बटण दाबून धरलं, कॅबिनेटला हात टेकवून मग झाकण उघडलं. आत नऊ वर्षांची धूळ, पंख्यावर तर चादरच. मऊ ब्रशने काढली. स्लॉटच्या दोन्ही टोकांच्या पांढऱ्या खिट्ट्या बाहेर केल्या, काडीची खाच जुळवली, ती बरोबर मधोमध नसते, थोडी बाजूला असते म्हणून उलटी बसत नाही, आणि दाबली. सुरू केलं तर काहीच नाही, स्क्रीन काळी, नुसता पंखा. घशाला कोरड पडली. भाचा म्हणाला मावशी जोर कमी पडला असेल. परत काढली, पिना पेन्सिलच्या खोडरबरने हलक्या हाताने पुसल्या, ब्रशने कण झाडले, आणि या वेळी दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही टोकांना दाबली. आधी उजवीकडची खिट्टी टक वाजली, मग डावीकडची. मगाशी डावीकडची वाजलीच नव्हती. सुरू केलं, आलं. मेमरीत १५.९, स्लॉट्स यूज्ड २ ऑफ २.

मेमटेस्ट रात्रभर चालवली, सकाळी शून्य एरर. आता तेच पुस्तक, फोटोशॉप, क्रोम सगळं उघडं: इन यूज ११.८, कमिटेड १५.३, डिस्क ३ टक्के. एकातून दुसऱ्यात गेलं की लगेच जातं. जादा अपडेटची नोंदणीही केली.

३२० पानांचं पुस्तक काल छापायला गेलं. दुसऱ्याचं प्रुफ आज आलंय, १७६ पानं.

---

स्क्रूड्रायव्हर_चिंचवड

वा ताई. ती जुनी डिस्क टाकून देऊ नका आणि त्यावर काही लिहू पण नका, तशीच कपाटात ठेवा. कवितासंग्रहाची ती फाइल वाचायचा एक प्रयत्न मी करून बघतो, चिंचवडला कधी आलात तर घेऊन या, आली तर आली.

---

अक्षरजुळणी_पुणे३०

सातारा झालं की येते, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. डिस्क बुडबुड्यांच्या कागदात गुंडाळून ठेवलीय.